पेवातली बॅटरी

ऐंशीच्या दशकात मी धरणगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. श्वसनाचा धडा म्हणजे माझा हातखंडा. अन्न हे सरपण, श्वासातला प्राणवायू ते जाळतो, फक्त ज्योत दिसत नाही; त्या जळण्यातून आपल्या हातापायांत बळ येतं. हे मी अशा थाटात सांगायचो, जणू ही सोय मीच करून ठेवली होती. साठवलेला ज्वारीचा दाणासुद्धा श्वास घेतो आणि हवेतला प्राणवायू संपवतो, हेही पोरांकडून घोकून घ्यायचो.

त्या उन्हाळ्यात बायको पहिल्या बाळंतपणाला शिरपूरजवळ माहेरी होती. मी भेटायला गेलो, त्याच दिवशी सासऱ्यांनी अंगणातलं पेव उघडलं होतं. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेला खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं. आधी कंदील सोडायचा, तो तगला तरच माणूस उतरवायचा, अशी तिकडची रीत. सासऱ्यांनी दोरीनं कंदील सोडला. तो विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला.

"दिवा विझी गया. आज नही, सकाय उतरू," ते म्हणाले.

इथे जावयानं गप्प बसावं की नाही? पण मी बी.एस्सी. झालेला. म्हटलं, "आबा, वात खराब असेल. माझ्याकडे बॅटरी आहे, ती विझत नाही." आणि नव्या कोऱ्या तीन सेलच्या बॅटरीचा झोत आत टाकला. जावयाला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. सासऱ्यांनी मुकाट्यानं माझ्या कमरेला दोर बांधला.

खाली उजेड झकास पडला होता. टोपली भरायला वाकलो आणि गुडघ्यांतलं बळच गेलं. डोकं घणघणायला लागलं. वर हाक मारावी तर आवाज फुटेना, दोर धरावा तर बोटं मिटेनात. सकाळी सासूबाईंनी आग्रहानं वाढलेल्या चार भाकरी पोटात होत्या. सरपण भरपूर, ते जाळणारंच खाली काही नव्हतं. आणि हे सगळं मला बॅटरीच्या उजेडात स्वच्छ दिसत होतं.

वरून डोकावणाऱ्या सासऱ्यांनी आणि शेतावरच्या सालदारानं मला पोत्यासारखं वर ओढलं. लग्नापासून मला अहो-जाहो करणारे सासरे माझ्या छातीवर हात ठेवून मातीत बसले होते. तरी मी काहीतरी शहाणपणाचं बोलायला तोंड उघडलंच.

"बोलू नको, पोऱ्या. नुसता दम ले."

मी घेतला. भीती तेव्हा कुठे वाटायला लागली, आणि इतकी की मला रडू फुटलं. आत स्वयंपाकघरात बायको कशावर तरी हसत होती. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं.