जाऊबाईंचं जंगल

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी कुवेतमध्ये जंगल आहे असं एकदा मनाशी ठरवलं, आणि मग ते नाही म्हणायची कुवेतची प्राज्ञा उरली नाही. या देशात नदी नाही, डोंगर नाही, आणि झाडं म्हणजे रस्त्याच्या मधोमध रांगेत उभं असलेलं, नळीनं पाणी पिणारं सरकारी खातं, हे सगळं त्या आल्या त्याच दिवशी मी त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मोजली कोणी?" आम्ही हवल्लीत बरीच वर्षं राहत होतो. आखाती युद्ध संपल्यावर मोठे दीर, आमचे दादा, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत लागले आणि आमच्याच इमारतीत, सहाव्या मजल्यावर राहायला आले. पहिल्या आठवड्यात बायका सोन्याची दुकानं बघतात. जाऊबाईंनी दादांना गाडी हळू चालवायला लावून हवल्लीपासून मीना अब्दुल्लापर्यंतची झाडं मोजली. येताना दुसऱ्या बाजूची मोजली. दोन्ही आकडे जुळले नाहीत म्हणून पुढच्या शुक्रवारी परत मोजली. मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकून दादांना घाम फुटला होता, तर या म्हणाल्या, "थांबवा जरा, त्या झाडावर घरटं आहे."

त्यांचे वडील चंद्रपूरकडे फॉरेस्टात गार्ड होते. लहानपण सगळं जंगलातल्या क्वार्टरमध्ये गेलेलं. नाशिकला आमच्या घरात वीस वर्षं काढूनही त्यांची बोली बदलली नाही आणि सवयी तर त्याहून नाही. सकाळी चपला उलट्या करून आपटल्याशिवाय पायात घालायच्या नाहीत, विंचू असतो. सहाव्या मजल्यावर, फरशीवर, एसीत. मी एकदा म्हटलं, वहिनी, विंचवाला लिफ्टनं यावं लागेल. तर म्हणाल्या, "मग लिफ्टनं येईल." बाहेर जाताना डोक्यावर वडिलांची खाकी टोपी आणि हातात काठी. सुपरमार्केटात भाज्यांच्या रांगेत उभ्या राहून प्रत्येक जुडीचं पान चुरगाळून हुंगायच्या, आणि तिथला सेल्समन जवळ आला की त्यालाही हुंगायला द्यायच्या. कबुतर दिसलं की त्या बोलता बोलता एकदम कुजबुजीवर यायच्या आणि हात वर करायच्या. हात वर झाला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. आमच्या घरातली चार मोठी, शिकलेली माणसं पार्किंगमध्ये एका कबुतरासाठी पुतळ्यासारखी उभी राहिलेली शेजारच्या मजल्यांनी कितीदा तरी पाहिली आहेत.

जंगलाची शाळा सुरू झाली ती आमच्या सईच्या चित्रामुळे. माझी लेक सई तेव्हा दुसरीत होती. शाळेत झाडाचं चित्र काढायला सांगितलं होतं. तिनं हिरवा गोल, तपकिरी खोड आणि खोडाच्या तळाशी एक काळा पाइप काढला. पाइपला भोकं, भोकांतून थेंब. सगळ्या वर्गानं तसंच काढलं होतं. जाऊबाईंनी तो कागद हातात घेतला आणि पाइपवर बोट ठेवलं. सई त्यांना मोठी आई म्हणते. पण बाकीचं बोलणं अर्धं इंग्रजीत. "पाइप आहे, मोठी आई. अदरवाइज हाऊ विल इट ड्रिंक?" मी हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवली आणि जाहीर केलं की येत्या शुक्रवारपासून पोट्ट्यांचं जंगल सुरू.

पहिले काही शुक्रवार जंगल आमच्या गल्लीतच भरलं. इथे लोक जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी घराबाहेर थंड पाण्याचे कूलर ठेवतात. त्यांच्या तोटीतून गळणाऱ्या पाण्यावर जाऊबाईंची नजर गेली. बुद्धपौर्णिमेला फॉरेस्टवाले मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजतात, तशी यांनी आमच्या इमारतीतली, सईसकट सात मुलं घेऊन समोरच्या इमारतीच्या पायऱ्यांवर प्रगणना मांडली. प्रत्येकाच्या हातात वही. बोलायचं नाही, हलायचं नाही. तीन तासांत अकरा चिमण्या, दोन बुलबुल, एक मांजर, आणि पाणी प्यायला आलेले पाच बंगाली कामगार. पाच माणसांनाही वहीत का लिहिलं असं एका आईनं विचारलं, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, पाणी पिऊन राहिले ना, मग लिहायचं. पण मुलांना खऱ्या झाडाखाली न्यायचं तर न्यायचं कुठे? युद्धाला चार-पाच वर्षंच झाली होती. मोकळ्या वाळवंटात सुरुंग असतील, पडलेलं काहीही उचलू नका, हे शाळेत अजून सारखं सांगत. कुठलीच आई मुलाला तिकडे पाठवायला तयार नव्हती आणि जाऊबाईही तेवढ्या वेड्या नव्हत्या.

वाट काढली ती शौकतभाईंनी. हे रत्नागिरीकडचे, राई नावाच्या औद्योगिक वस्तीत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान सांभाळायचे. दादांची गाडी जाऊबाईंच्या झाडमोजणीत इतकी थांबत-चालत असे की तिचा क्लच बदलायला त्यांच्याकडेच जावं लागलं, आणि तिथे ओळख झाली. दुकानाचे मालक म्हातारे कुवेती गृहस्थ. शौकतभाईंचा व्हिसा त्यांच्याच नावावर. मालक लहानपणी वडिलांबरोबर गलबतातून मुंबईला जात, त्यामुळे हिंदी छान बोलायचे. मीना अब्दुल्लाच्या पुढे वफ्राच्या रस्त्यावर त्यांचं शेत होतं. शेताच्या कडेला वारा अडवायला लावलेली, अथल नावाच्या वाळवंटी झाडांची जुनी, दाट राई, आणि मधे एक मोठं बोराचं झाड. शौकतभाईंनी शब्द टाकला, बाई चांगल्या घरातल्या आहेत, मुलांना झाडं दाखवतील, काही मोडणार नाहीत. मालकांनी होकार दिला.

जाऊबाईंनी तिथे पाऊल टाकलं तेव्हा टोपी काढली, हे मी पाहिलंय. पुढचा सगळा हिवाळा दर शुक्रवारी सकाळी सात ते दहा शाळा भरली. फळा नाही, पुस्तक नाही. पहिला तास नुसतं बसायचं. दुसऱ्या तासाला कोणी काय ऐकलं ते सांगायचं. अथलच्या काडीसारख्या पानांवर मीठ येतं. ते प्रत्येकानं जिभेवर ठेवून बघायचं. वाळूवर सकाळी कोण कोण चालून गेलं ते पायांवरून ओळखायचं. एका मुलानं मोठ्या अभिमानानं एक ठसा दाखवला, तो जाऊबाईंच्याच चपलेचा निघाला. त्याबद्दलही त्यांनी शाबासकी दिली, कारण डावी चप्पल जास्त झिजली आहे हे त्यानं बरोबर सांगितलं होतं. प्रत्येकाला एकेक अथल वाटून दिलं होतं. ते ज्याचं त्यानं सांभाळायचं, बाटलीतलं शेवटचं पाणी त्याला घालायचं. सई घरी येऊन त्या झाडाबद्दल बोलायची, तेही मराठीत, कारण जाऊबाई इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच देत नसत. मला थोडा हेवा वाटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग एप्रिलचा शेवटचा शुक्रवार आला. ऊन वाढल्यानं जंगल आता ऑक्टोबरपर्यंत बंद, आणि जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत सगळे भारतात जाणार. जाऊबाईंचं म्हणणं, झाडाला न सांगता जायचं नाही. प्रत्येक मुलानं आपल्या झाडाला एक चिठ्ठी लिहिली. ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मुळाशी पुरली. खोडाला हळद-कुंकू वाहिलं आणि सुताचे सात फेरे घालून गाठ मारली. सूत मीच माझ्या वटपौर्णिमेच्या डब्यातून काढून दिलं होतं. आम्ही सगळ्या आया टाळ्या वाजवून, फोटो काढून घरी आलो. आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात काही आलं नाही.

मंगळवारी शेताच्या राखणदाराला ते दिसलं. गाठी मारलेले दोरे, तांबडी-पिवळी पूड, आणि मुळाशी पुरलेल्या न कळणाऱ्या लिपीतल्या चिठ्ठ्या. करणी म्हणतात ती इथल्या लोकांना नेमकी अशीच माहीत आहे. आपल्या दारात कुणी टाचण्या टोचलेलं लिंबू ठेवलं तर आपण तरी काय समजू? त्यात मालकांची बायको तीन आठवडे हॉस्पिटलात होती आणि दिवसेंदिवस खालावत होती. बुधवारी संध्याकाळी शौकतभाई आमच्याकडे आले. चहा घेतला नाही. जाऊबाईंना एवढंच म्हणाले, "वैनी, शेठनी दुकानाच्या चाव्या काढून घेतल्या. घरी बस बोलले." पंधरा वर्षं त्या माणसानं इथे काढली होती, मालकांनी व्हिसा रद्द केला की आठवड्यात विमानात बसायचं. तुमच्यासाठी मी शब्द दिला होता, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्याचंच जास्त लागलं.

दादांनी त्याच क्षणी जंगल बंद केलं. मी सुचवलं की ऑफिसातल्या एखाद्या अरबी येणाऱ्या माणसाकडून निरोप पाठवावा, माफी मागावी आणि गप्प बसावं. जाऊबाईंनी काठी कोपऱ्यातून उचलली. "चूक मी केली अन् घरी तो बसून राहिला. मीच जाईन. पोट्ट्यायले घेऊन जाईन. त्यायनं लिहिलं, तेच वाचतील." मग त्या सातही घरी गेल्या. चार आयांनी चक्क नाही म्हटलं, आणि खरं सांगते, मी त्यांतली एक होते. पोलीस आले तर काय, ही भीती खोटी नव्हती. जाऊबाई वाद घालत नाहीत, त्या बसतात. एका घरी पावणेदोन तास बसल्या. माझ्याकडे तर मुक्कामालाच येतील अशी चिन्हं दिसायला लागली, तेव्हा मी हो म्हटलं. शुक्रवारी सातही मुलं शेतावर हजर होती.

मालक बोराच्या झाडाखाली खुर्चीवर बसले होते. पांढरा पायघोळ अंगरखा, हातात जपमाळ. शौकतभाई लांब गाडीपाशी, मान खाली घालून. जाऊबाईंनी टोपी काढली आणि त्यांच्या त्या हिंदीत म्हणाल्या, "मालक, मैं कुछ नहीं बोलती. बच्चे लोग बताएंगे." मुलांनी आपापल्या झाडाची माती उकरून चिठ्ठ्या काढल्या आणि एकेक करून वाचून हिंदीत सांगितल्या. कुणी क्रिकेटचा स्कोअर सांगितला होता, कुणी आजोळचा पत्ता लिहिला होता. सईनं तिची चिठ्ठी आधी मराठीत वाचली, मग अडखळत हिंदीत सांगितली. "मैं दो महीने इंडिया जा रही हूँ. तुम डरना मत. मैं वापस आऊँगी, तब तक मरना मत." मालकांची जपमाळ थांबली. "किसको लिखा?" त्यांनी विचारलं. सईनं खोडावर हात ठेवला. "इसको."

मालकांनी वर झाडाकडे बघितलं आणि सांगितलं की युद्धात तेलविहिरी पेटल्या होत्या तेव्हा आभाळ महिनोन्महिने काळं होतं, आणि हे बोराचं झाड काजळीनं मरायला लागलं होतं. त्यांच्या बायकोनं ओलं फडकं घेऊन त्याचं पान नि पान पुसलं. लोक हसले तिला. आणि शेवटी म्हणाले, "धागा निकालो. ये हमारे में नहीं चलता. काग़ज़ मुझे दो, इनमें क्या लिखा है, मैं अस्पताल में उसको सुनाऊँगा."

जाऊबाईंनी सातही झाडांचे दोरे स्वतः सोडले. गाठी घट्ट बसल्या होत्या. त्यांनी कात्री घेतली नाही, नखांनी सोडवत राहिल्या. कुणी मदतीला गेलं तर हात वर करायच्या, की सगळे जागच्या जागी. शेवटची गाठ सुटल्यावर मुलांना म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरी काही करताना विचारून करावं लागते. मी विचारलं नाही. हे बी लिहून घ्या वहीत." माझ्या इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी चूक कबूल केलेली मी तेवढी एकदाच ऐकली. त्याच संध्याकाळी शौकतभाईंना चाव्या परत मिळाल्या.

ऑगस्टमध्ये मालकांची बायको गेली. आम्ही भारतात होतो. ऑक्टोबर लागला, हवा निवळली, मुलं विचारू लागली, आणि जाऊबाई पहिल्यांदाच मागेपुढे करताना दिसल्या. त्या माणसाच्या दुःखात पोरांचा गोंधळ कशाला, म्हणायच्या. मग एक दिवस शौकतभाईंचा फोन आला, की मुलं का येत नाहीत म्हणून शेठ विचारतायत. आम्ही गेलो. मालक त्याच खुर्चीवर होते, फार वाळलेले. त्यांनी बोराच्या झाडाकडे बोट केलं. "बाई, उसका पेड़ अब ख़ाली है. किसी बच्चे को दे दो."

जाऊबाईंनी सातही मुलांकडे पाहिलं. प्रत्येकाचं आपलं झाड होतं आणि ते सोडायला कुणी तयार नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "मैं लेती." दुसऱ्यांना झाडं वाटणाऱ्या बाईला स्वतःचं झाड तेव्हा मिळालं. पुढे नऊ वर्षं त्यांनी त्याला पाणी घातलं. मुलं बदलत गेली, सई कॉलेजसाठी पुण्याला गेली, मालकही गेले. त्यांच्या मुलानं राई तशीच ठेवली.

दादा निवृत्त झाल्यावर ते दोघं नागपूरला गेले. तिथे पाचव्या मजल्यावर घर आहे. खिडकीतून कडुनिंब दिसतो, पण तो खालच्यांचा आहे, असं त्या तक्रारीच्या सुरात सांगतात. बोर माझ्याकडे सोपवून गेल्या. मला झाडांतलं काही कळत नाही, हे त्यांनी जाण्याआधी तीनदा सांगितलं आणि तरीही माझ्याकडेच दिलं. मी दर शुक्रवारी जाते. पाणी घालते आणि तिथूनच मोबाइलवर फोन लावते. तब्येत, दादांची साखर, सईचं लग्न, एवढं बोलून होतं. मग त्या म्हणतात, "आता फोन झाडापाशी धर." मी धरते. त्या काय ऐकतात मला ठाऊक नाही, मी कधी विचारलंही नाही. हात भरून येतो, ऊन चढायला लागतं. त्यांनी फोन ठेवेपर्यंत मी हलत नाही.