नाव न घेतलेल्यांची यादी

"बेटा, यादीत जिवंत कोणी नाही ना?"

यादी हातात घेण्याआधी काका हे विचारायचेच. चष्मा कपाळावर चढवलेला, उजवा हात ताम्हणातल्या पाण्याने ओला, डावा माझ्याकडे पसरलेला. मी "नाही काका, सगळे गेलेले आहेत" म्हटल्याशिवाय कागदाला बोट लावत नसत. विचारायचे मात्र इतक्या सहज, की आमटीत मीठ घातलंस ना, असं विचारतायत असं वाटावं.

ग्वाल्हेरच्या एका विद्यापीठात माझं काम मोजणीचं. कुठल्या प्राध्यापकाने किती निबंध लिहिले आणि पुढे किती जणांनी आपल्या निबंधांत त्यांचा उल्लेख केला, हे संगणकावर काढायचं आणि वर पाठवायचं. या उल्लेखांना आमच्याकडे सायटेशन म्हणतात. त्यावर बढत्या ठरतात आणि चांगले शेजारी असलेली माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात. काका ग्रंथालयातले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी रोज दहाला जुन्या नियतकालिकांच्या खोलीत हजर. त्यांना या असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि जा म्हणायची कोणाची टाप नव्हती.

त्यांचे पूर्वज दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून, दरबारचे भिक्षुक म्हणून आलेले, माझे फौजेबरोबर. यावरून ते मला छेडायचे. "तू तर फौजी आहेस. तुमच्यात आधी डोकी उडवतात, गिनती नंतर."

पण मोजणी त्यांना आमच्या साहेबांपेक्षा चांगली कळायची. आमचे डीन रसायनशास्त्राचे. एका वर्षी त्यांनी सगळ्या विषयांची एकच यादी लावली आणि संस्कृतच्या बाई तळाला गेल्या. रसायनात ढिगाने उल्लेख मिळतात, कारण लिहिणारेच ढिगाने. संस्कृतात चार मिळाले तर पेढे वाटावेत. बाई रडवेल्या झाल्या होत्या. काका कोणी न बोलावता डीनच्या खोलीत शिरले. "साहब, सराफ़े का काँटा लेकर कोई पाटणकर बाज़ार में दाल तौलता है क्या?"

डीन हसले. पण मग प्रत्येकाला त्याच्या विषयाच्या सरासरीशी तोलायची पद्धत मला आणता आली. ती मी जाड्या पुस्तकांतून महिनाभर शिकले होते. काकांनी ती उभ्या उभ्या ऐकली आणि म्हणाले, "म्हणजे गोत्र बघायचं. विषय हेच गोत्र. लग्न सोडून बाकी सगळं सगोत्रातच बरं."

काकांनी स्वतः जन्मात एकच निबंध लिहिला होता. लष्कर या ग्वाल्हेरच्या जुन्या वस्तीतल्या विहिरींवर. दरबारचे कारकून कुठल्या विहिरीला कधी किती पाणी होतं ते मोडीत टिपून ठेवत. ते कागद काकांनी तरुणपणी वाचून काढले होते. निबंध इथल्याच एका वार्षिकात छापला गेला आणि ते वार्षिक लवकरच बंद पडलं. दर सोमवारी काका माझ्या टेबलाशी येत. "विहिरींवर कोणी काही लिहिलं का, जरा देख तो."

"काका, तुमचा निबंध संगणकात नाहीच. मग त्याचा उल्लेख दिसणार कुठून?"

"हो ना, बरोबर आहे." आणि पुढच्या सोमवारी पुन्हा हजर.

एकदा मी वैतागून म्हटलं, इतकं काय अडलंय त्याच्यावाचून? ते खिडकीकडे बघत म्हणाले, "मूलबाळ नाही, बेटा. मागे माझं नाव कोण घेणार? कुणी तळटिपेत घेतलं असतं, तरी चाललं असतं." त्यानंतर मी वैतागले नाही.

आता त्या यादीबद्दल सांगते. सर्वपित्री अमावास्येला आपण ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांचं करणारं कोणी नाही, त्यांनाही पाणी देतो. काका त्या दिवशी दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात दक्षिणेकडे तोंड करून बसत. समोर ताम्हण, तांब्या, काळे तीळ. आमच्या विद्यापीठातले जे लिहिणारे मरून गेले आणि ज्यांचा एकही उल्लेख कधी कुठे झाला नाही, त्यांची यादी मी काढून द्यायची. काका एकेक नाव मोठ्याने घेत आणि अंगठ्याच्या बाजूने दगडी पायरीवर पाणी सोडत. गोत्राच्या जागी विषय. "गणितगोत्र." "वनस्पतिगोत्र." एक मौलवीसाहेब होते फारसी शिकवणारे, त्यांनाही "फारसीगोत्र" म्हणून ओंजळभर मिळे. ज्याच्या नावापुढे विषयच नसे, त्याला "काश्यप". गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं, ही जुनी रीत आहे.

तुम्ही हसाल. मीही पहिल्या वर्षी पदर तोंडाला लावून हसले होते.

दुसऱ्या वर्षी नवी यादी काढायला बसले तेव्हा माझं हसू गेलं. आधीच्या वर्षी ज्यांची नावं घेतली होती, त्यांतलं एकही यादीत नव्हतं. प्रत्येकाला एकेक उल्लेख मिळाला होता. कोणी ना कोणी, कुठल्या ना कुठल्या देशात, त्यांचं नाव घेतलं होतं. मी मोजणारी बाई; मी स्वतःला कारण दिलं, की जुने अंक रोज कुठेतरी संगणकात चढत असतात, आकडे वाढायचेच. पण प्रत्येकाला एक? ना दोन, ना शून्य? काकांना सांगितलं तर ते तीळ निवडत म्हणाले, "तहानलेल्याला एक ओंजळ पुरते."

आणखी एक गोष्ट तेव्हापासून माझ्या डोळ्यांत भरली. पायरीवर सोडलेलं पाणी पुढचं नाव घेईपर्यंत नाहीसं होई. भादव्याची दमट हवा, दोरीवरचं फडकं दोन दिवस वाळत नाही, आणि दगड मात्र कोरडा. मी त्यांना विचारलं नाही. मला उत्तर नको होतं.

तीन वर्षं असं चाललं. चौथ्या वर्षी मला एक शहाणपण सुचलं. बंद खोलीतून त्या वार्षिकाचा अंक मी शोधून काढला, पान न पान स्कॅन केलं आणि काकांचा निबंध संगणकात चढवला. त्यांना सांगितलं नाही. एखाद्या सोमवारी उल्लेख दिसला की एकदम दाखवायचा, असा बेत होता. इतकी खूश होते मी स्वतःवर.

अमावास्येला यादी काढली. त्यातून जिवंत माणसं गाळायची असत, ती मी प्राध्यापकांच्या पटाशी आणि पेन्शनच्या कागदांशी ताडून गाळली. प्राध्यापकांच्या. काका कधी प्राध्यापक नव्हते.

"बेटा, यादीत जिवंत कोणी नाही ना?"

"नाही काका. सगळे गेलेले."

मी खांबाला टेकून उभी होते. नावं चालली होती, दगड पाणी पीत होता. शेवटच्या ओळीशी विषयाचा रकाना रिकामा होता. मोडी नोंदींवरचा विहिरींचा निबंध कुठल्या विषयात घालावा, हे यंत्राला कळलं नव्हतं. काकांनी सवयीने "काश्यपगोत्र" म्हटलं, चष्मा नीट केला आणि पुढचं नाव वाचलं. स्वतःचं. वाचून होईपर्यंत पाणी सुटलं होतं.

ते थांबले. मला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी पायरीकडे बघितलं. पायरीवर ते पाणी तसंच साचून राहिलं होतं, रुपयाएवढं. काकांनी वाकून बघितलं.

"हे प्यायला कोणी आलेलं नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "अजून."

मी रडायलाच लागले. काय केलं, कशासाठी केलं, सगळं सांगून टाकलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की तो मला आजही दिसतो. "म्हणजे माझा निबंध आता आत आहे? कोणीही वाचू शकतो? अरे वा! मग रडतेस कशाला, पगली?"

सोमवारी ते नेहमीसारखे आले. पण व्हरांडा झाडणाऱ्या बाई तक्रार करू लागल्या. "मैडम, सीढ़ी पे एक गीला दाग़ है, रोज़ पोंछती हूँ, सूखता ही नहीं." मी जाऊन बघत असे. रुपयाएवढा, तिथेच. दिवाळी झाली, थंडी पडली, पायरीवर ऊन येऊ लागलं, तरी तिथेच. काका पायरी उतरताना तेवढी जागा ओलांडून जात, जणू कोणी झोपलंय.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्या बाई माझ्या खोलीत डोकावल्या, खुशीत. "आज सूख गया, मैडम." मी घड्याळ बघितलं. सव्वादहा झाले होते आणि नियतकालिकांच्या खोलीला कुलूप होतं. त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन त्यानंतर आला. झोपेतच गेले, म्हणाले.

वय झालं होतं, असं सगळ्यांनी मला सांगितलं. माझ्या आईनेही सांगितलं. असेल. पण यादी मी काढली होती, आणि "नाही" मीच म्हटलं होतं.

यंदा भादव्यात यादी काढली, तेव्हा त्यांचं नाव आधी शोधलं. नव्हतं. दक्षिणेत भूजलाचा अभ्यास करणाऱ्या कोणा मुलीने आपल्या निबंधात लष्करातल्या विहिरींच्या नोंदी वापरल्या होत्या. तळटिपेत काकांचं पूर्ण नाव, निबंधाचं नाव, पान. उल्लेख एक. आणि विषयाचा तो रिकामा रकाना भरलेला होता: जलविज्ञान. मी टेबलावर डोकं टेकलं आणि पोटभर रडले. त्या दिवशी सोमवार होता.

अमावास्येला ताम्हण घेऊन मीच बसले. बाईने तर्पण करू नये म्हणतात. काका असते तर म्हणाले असते, "फौजी आहेस, तुला कोण अडवणार?" यादी मी तीनदा तपासली होती, पोस्टात, पेन्शनमध्ये, घरोघरी फोन करून. तरी सुरू करण्याआधी मोठ्याने विचारलं, "यादीत जिवंत कोणी नाही ना?" व्हरांड्यात मी एकटीच होते.

नावं संपली. तांब्यात ओंजळभर पाणी उरलं. ज्याचा उल्लेख झाला त्याचं नाव घ्यायचं नाही, हा काकांचाच नियम. मी तो मोडला. जिथे तो डाग होता तिथेच हात धरला, काश्यप म्हटलं नाही, "जलविज्ञानगोत्र" म्हटलं, आणि पाणी सोडलं.

त्यांचं नाव अजून अर्धंच तोंडात होतं, आणि दगड कोरडा झाला होता.