क्लांगचा थांबा

घुग्घुसच्या त्यांच्या दुकानात कोणी सिमेंट घ्यायला आलं, की चाचा भाव सांगायच्या आधी विचारायचे, "घर कोनासाठी बांधून राह्यले?"

समोरचा कधीकधी गोंधळून जायचा. एकदा माझ्यादेखत एक जण म्हणाला, "घर कुठी चाचा? संडासाचं टाकं फुटलं. एक बोरी द्या."

"असू दे ना. पण कोनासाठी?"

"आता टाकं काय एकट्यासाठी राहते का बाप्पा!"

यावर चाचाच सगळ्यात मोठ्यानं हसले. हसताना त्यांच्या भुवयांवरची पांढरी पिठी खाली सांडायची. घुग्घुसला कोळशाची काळी धूळ आणि सिमेंटची पांढरी धूळ, दोन्ही मुबलक. चाचा म्हणायचे, "आमच्या गावात सिमेंट हवेतून फुकट येते, साहेब. मी फक्त पोत्याचे पैसे घेतो."

कुणी "पोरासाठी बांधतो" असं म्हणालं, की मात्र ते हसत नसत. गल्ल्यावरून उठून बाहेर येत आणि रेती चाळून घ्या, स्लॅबला पाणी कमी पडू देऊ नका, असं बजावून सांगत. असे दुकानदार तुम्हीही पाहिले असतील. मलाही वाटायचं, चाचांना बोलायची हौस आहे.

मी एका सिमेंट कंपनीचा विक्री अधिकारी होतो. चंद्रपूर माझं गाव आणि त्या बाजूचे सगळे दुकानदार माझ्याकडे. वर्षभर ठरल्याइतका माल उचलला, की कंपनी दुकानदारांना सहलीला न्यायची. कधी गोवा, कधी नेपाळ. चाचा कधीच आले नाहीत. "दुकान कोन पाहीन?" म्हणत, आणि माल तर ते मुळातच बेतानं उचलत.

दोन हजारच्या दशकात एका वर्षी कंपनीनं समुद्रातली सहल जाहीर केली. सिंगापूरला विमानानं जायचं, तिथून मोठ्या जहाजानं फिरून परत. मी रंगीत पत्रक त्यांच्या गल्ल्यावर ठेवलं. चाचांनी ते नाकाजवळ नेऊन वाचलं. जहाज कुठे कुठे थांबणार, तिथे त्यांचं बोट थबकलं.

"हे पोर्ट क्लांग म्हंजे क्वालालंपूरच ना?"

"त्याचं बंदर आहे, चाचा. शहर तिथून लांब."

"लांब म्हंजे कितीक?"

"असेल इथून चंद्रपूरच्या दुप्पट. पण जहाज थोडाच वेळ थांबतं."

त्या वर्षी चाचांनी काय धावपळ केली! मोटारसायकलवर गडचांदूरपर्यंत जायचे, ठेकेदारांच्या दारात बसायचे. एका उन्हाळ्यात एवढा माल त्यांनी कधीच विकला नव्हता. आम्ही ऑफिसात हसायचो, की म्हातारपणी चाचांना जहाजाचं वेड लागलं. चाचींना तर मी दारातच म्हणालो, "चाची, यांना समुद्रात सोडून येऊ का?" त्या हसल्या नाहीत. "सुखरूप आणा, भाऊ," एवढंच म्हणाल्या.

जहाजावर आम्ही तीसेक जण होतो. जेवणावर सगळे तुटून पडले होते. चाचा मात्र दहीभात शोधत फिरत आणि मिळाला की खुलून जात. क्लांगच्या आदल्या दिवशी, चहाच्या वेळी, उद्या शहरात जायचं की नाही यावर आमची सभा भरली. जहाजाच्या माणसांनी सांगून ठेवलं होतं, की त्यांच्या बसनं गेलात तर उंच मनोरे आणि बाजार दाखवून परत आणू. आपल्या आपण गेलात आणि उशीर झाला, तर जहाज कोणासाठी थांबणार नाही.

चिमूरचा आमचा एक दुकानदार होता, मोठ्या आवाजाचा. तो म्हणाला, "सकाळी लागते, दुपारी सुटते. जाच्यात वेळ, येच्यात वेळ. मंग पाहाचं काय, रस्ता? त्यापेक्षा बंदरावरच फिरू अन् जेवाले परत येऊ."

सगळ्यांना ते पटलं. चाचा इतका वेळ बशीतल्या चहाकडे बघत बसले होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, काही पाहाचं नसंल, जाऊन नुसतं उभं राहून याचं असंल, तं तेवढ्यात होते का?"

मी हसून विचारलं, "कुठे उभं राहायचंय, चाचा?"

"माह्या पोट्ट्यापाशी."

मग त्यांनी सांगितलं. त्यांना तीन मुलींवर एक मुलगा होता. घरात सगळे हिंदी बोलत, पण तो मराठी शाळेत शिकलेला, बापाशी हट्टानं मराठीच बोलायचा. वेल्डिंग शिकून तो क्वालालंपूरला कामावर गेला. दुकानाच्या मागच्या जागेत दोन खोल्या बांधू, मग लग्न करू, असं बापलेकांचं ठरलं होतं. एका उंच इमारतीचं काम चालू असताना तो वरून पडला.

"एसटीडीवर फोन आला. पलीकडून विचारलं, बॉडी पाठवाची का इथीच दफन कराची? पाठवाची तं भल्ले दिवस लागतीन, कागदं लागतीन. मले काई सुचेनाच. लेकरू तिकडं बर्फात पडून राहीन, हेच डोक्यात. मी बोललो, तिथीच करा. लवकर करा." चाचांनी बशी बाजूला सरकवली. "घरी जाऊन सांगतलं. तुमच्या चाचीनं एकच विचारलं, मले न विचारता? त्याच्यानंतर कधी काई बोलली नाई. भांडली असती तं बरं झालं असतं."

मी त्यांच्या घरी वर्षानुवर्षं चहा पीत होतो. भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता. तो मुलगा परदेशात असतो, एवढंच मला माहीत होतं, कारण चाचा तेवढंच सांगायचे.

चिमूरवाल्यानं घसा खाकरला. "साहेब, तुम्ही चाचाले घेऊन जा. हे तीस जण माह्यावर सोडा."

"आणि जहाज सुटलं तर?"

"कसं सुटते? मी दारात आडवा पडतो. मले उचलाले त्याहीले क्रेन आणा लागंल."

तो खरोखरच तेवढा जाडजूड होता. चाचाही हसले.

सकाळी बंदरावर उतरलो, तेव्हा चाचा पायऱ्यांपाशीच थांबले. नवा पांढरा कुर्ता, डोक्यावर टोपी. "साहेब, राहू द्या. तुमची नोकरी जाईल."

"नोकरीचं मी बघतो."

"तसं नाई." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "आतापर्यंत कोनी विचारलं तं मी सांगतो, पोरगा बाहेरदेशी हाय. सांगता सांगता मलेबी थोडंसं खरं वाटते. आज पाह्यलं, का मंग तो बाहेरदेशी नाई राहत."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही चालू लागलो.

बंदराच्या फाटकाबाहेर एक माणूस टॅक्सी घेऊन उभा होता. करीमनगरचा, चाचांच्या मुलासोबत एकाच खोलीत राहिलेला. चाचांनी त्याला फोन करून ठेवला होता. त्यानं चाचांचे पाय शिवले आणि मग तसाच खाली बसून राहिला. चाचांनीच त्याला उठवलं.

टॅक्सीत तो म्हणाला, "चाचा, वक्त कम है. कब्रस्तान एक बाजू को है, हमारा कमरा दूसरी बाजू को. दोनों नहीं होता."

चाचांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "कमऱ्यात त्याच्या पलंगावर आता कोन झोपते?"

"नया लडका है. बिहार का."

"मंग त्याले झोपू द्या. कब्रस्तान."

कब्रस्तान शहराच्या अलीकडे एका उतारावर होतं. फाटकापाशी जुन्या कबरी होत्या आणि त्यांच्यावर चाफ्याची मोठमोठी झाडं. फुलं खाली पडलेली. गार सावली. मला वाटलं, इथेच कुठेतरी असेल. पण तो माणूस चालत राहिला. झाडं संपली. पुढे सपाट केलेली लाल माती होती आणि तिच्यावर ओळीनं छोटे छोटे दगड. झुडूपसुद्धा नाही. बाहेरून आलेल्या कामगारांना तिथे जागा देत.

दगडावर नाव होतं. खोलीतल्या मित्रांनी बसवलेला दगड. चाचांनी चपला काढल्या, हात पसरून दुआ मागितली. मग रुमाल बाटलीतल्या पाण्यानं भिजवून दगड पुसला, अगदी लहान मुलाचं तोंड पुसावं तसा, कानाकोपऱ्यांसकट. मग ते उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. मला वाटलं, त्यांच्यात तशी काही रीत असेल. थोड्या वेळानं ते पुन्हा किंचित सरकले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. ऊन त्यांच्या पाठीवर होतं आणि त्यांची सावली दगडावर पडत होती. ती नीट दगडावर राहावी म्हणून ते सरकत होते.

कुर्ता पाठीला चिकटला होता. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी मान हलवली.

शेवटी मलाच म्हणावं लागलं, "चाचा, निघायला हवं."

आयुष्यात याहून वाईट वाक्य मी कधी उच्चारलेलं नाही.

ते उठले. आपण घरातून बाहेर पडताना "येतो" म्हणतो. "जातो" म्हटलं तर घरची माणसं रागावतात. चाचांनी दगडावर हात ठेवला, तोंड उघडलं, एक शब्द अर्ध्यावर गिळला आणि म्हणाले, "जातो रे मी."

करीमनगरवाला तोंड फिरवून रडत होता. चाचा रडले नाहीत. ते बाजूला झाले आणि दगडावर पुन्हा ऊन पडलं, तेव्हा मात्र त्यांनी डोळे मिटून घेतले.

परतीच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली. मी घड्याळाकडे बघून घामाघूम. चाचांना कशाचीच घाई नव्हती. बंदरात पोचलो तेव्हा जहाजाचं दार ओढायची तयारी चालली होती आणि चिमूरवाला दारात पाय रोवून, तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्याशी अस्सल झाडीबोलीत भांडत होता. आम्हाला बघून त्यानं भांडण मध्येच सोडलं. चाचांना त्यानं काही विचारलं नाही. मोठ्या भावाला धरावं तसं धरून आत नेलं आणि कुठूनतरी दहीभाताची वाटी आणून त्यांच्यापुढे ठेवली. ती तशीच राहिली.

चाचांना घरी सोडायला मी घुग्घुसला गेलो. चाचींनी पाणी दिलं. चाचा पलंगावर बसले. चाचींनी विचारलं, माझ्यासमोर म्हणून मराठीतच, "सावली हाय का तिथी?"

चाचांनी मान वर केली. "हाय ना. चाफ्याचं मोठं झाड हाय. फुलं पडून राह्यतात त्याच्यावर."

चाची माझ्याकडे वळल्या. "खरंच, भाऊ?"

"हो, चाची. मोठं झाड आहे."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्या नवऱ्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मंग बरं केलं तुम्ही. इथी आनला असता तं उन्हातच ठेवा लागला असता."

चाचा जमिनीकडे बघत होते. इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते आता मिळाले होते, आणि ते त्यांना घेता येत नव्हते.

पुढे चाचांनी पुन्हा बेताचाच माल उचलायला सुरुवात केली. पोरासाठी घर बांधणारा आला, की अजूनही उठून बाहेर येत. पण कोणी त्यांच्या मुलाबद्दल विचारलं तर "बाहेरदेशी हाय" असं ते म्हणेनासे झाले. "होता," म्हणत. मी गेलो की चाची कधीकधी त्या चाफ्याचा विषय काढायच्या. फुलं कोणत्या रंगाची होती, वास येत होता का. चाचा बारीकसारीक सांगत आणि सांगून झालं की दुकानात निघून जात.

काही वर्षांनी, ऐन वैशाखात, चाचा गेले. मी मातीला गेलो होतो. घुग्घुसच्या कब्रस्तानात एक मोठं कडुनिंबाचं झाड आहे आणि त्याच्याखाली थोडी जागाही होती. पण खड्डा दूर, उघड्यावर खोदलेला. मी मोठ्या जावयाला विचारलं. तो म्हणाला, "अब्बांनी सांगून ठेवलं होतं. निंबाखाली नको, मले उन्हातच ठेवा. काऊन, ते नाई सांगतलं."

माती देऊन मी घरी आलो. चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या. जावयानं त्यांना आधीच सांगितलं असावं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "सावली असून उन्हात काऊन ठेवाले सांगतलं त्यायनं?"

मी खाली बघितलं. काहीतरी बोलायचं होतं, कडुनिंबाच्या मुळांचं किंवा जागेचं. चाची माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले, भिंतीचा आधार घेऊन उठल्या, आत जाऊन पेला भरून आणला आणि माझ्यासमोर धरला.

"पानी घ्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही तवा तिथूनबी उन्हातूनच आले असान."