परत आलेला मीटर

नांदेडच्या जुन्या मोंढ्यामागे लिंबाजी सोनकांबळे यांचं दुकान आहे. एक शटर, एक टेबल, दोन स्टुलं आणि भिंतभर टांगलेले गाड्यांचे स्पीडोमीटर. प्रत्येकाचा काटा वेगळ्या आकड्यावर थांबलेला, त्यामुळे आत शिरलं की आपण एकाच वेळी वीस ते शंभरच्या वेगानं बसून आहोत असं वाटतं.

लिंबाजींचा एक नियम आहे. मीटर उघडण्याआधी गिऱ्हाइकानं त्याचा आवाज तोंडानं काढून दाखवायचा. "आवाज येतो" एवढ्यानं चालत नाही. या नियमापायी एका धिप्पाड फौजदाराला मांजरीसारखं म्यांव करताना मी पाहिलं आहे. हदगावच्या एका डॉक्टरांनी इतका सुरेख किरकिराट केला, की लिंबाजींनी त्यांना तो पुन्हा करायला लावला. गरज नव्हती, आवडला म्हणून.

लिंबाजी मूळचे मुदखेडचे. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये मीटरदुरुस्ती शिकले आणि पुढची चाळीस वर्षं दुसरं काही शिकले नाहीत. आता वय एकाहत्तर. उजवा हात थरथरतो. चहाची बशी त्यांच्या हातात आली की समोरचा आपोआप मागे सरकतो.

त्यांची मुलगी लुंबिनी माझी विद्यार्थिनी. ती आज जिल्हा परिषदेत अभियंता आहे आणि शाळेत जशी प्रश्न सुटेपर्यंत उठत नसे, तशीच अजून आहे. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिनं वडिलांचं दुकान हा प्रश्न घेतला.

"बाबा, आता बस करा. एखादा मीटर बिघडवून ठेवाल अन् चाळीस वर्षांचं नाव जाईल."

"माझ्या हातचा मीटर आजवर परत आला न्हाई," लिंबाजी म्हणाले. "ज्या दिवशी येईल, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात देतो."

"नक्की?"

"हाव."

"सर, तुम्ही साक्षीदार," ती माझ्याकडे वळून म्हणाली. मी मान डोलावली. चहा फुकटचा होता, नाही कसं म्हणणार?

आणि मग जी गाडी या दुकानावर उठली, ती मीच तिथे नेली.

लातूरचे शरदचंद्र देशपांडे माझे बी.एड.पासूनचे मित्र. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्यांच्याकडे सासऱ्यांची चौसष्ट सालची फियाट आहे. पत्नी सौदामिनीबाईंच्या मते माहेरून आलेल्या वस्तूंत तीच काय ती अजून चालते. भाद्रपदात ते नांदेडला आले. मी शेजारी बसलो, तर मीटरमध्ये कोणीतरी पाटीवर नखं ओढत होतं आणि काटा तिसावरून सत्तरावर उड्या मारत होता. गाडी मात्र बैलगाडीच्या मागे होती.

मी त्यांना लिंबाजींकडे नेलं.

"आवाज काढा, सर," लिंबाजी म्हणाले.

"मी निवृत्त मुख्याध्यापक आहे हो."

"मग जोरात काढा."

शरदचंद्रांनी इकडेतिकडे पाहून कींऽऽ केलं. समोरचा पानवाला मान वर काढून हसला.

लिंबाजींनी डोळे मिटून ऐकलं. "तार सुकली. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत नळीत एक तार फिरत असते, सर. ती आत अडली की पीळ खाते अन् मग एकदम सुटते. काटा उडी मारतो त्यो तिच्यामुळं. बिचाऱ्याचा दोष न्हाई."

तार बाहेर आली ती काळ्या चिकट्यानं माखलेली. तीस वर्षांचं जुनं ग्रीस असेल, असं म्हणून लिंबाजींनी ती रॉकेलमध्ये धुतली, वाकली आहे का ते काचेवर लोळवून पाहिलं, खालच्या बाजूला बोटभर ग्रीस लावलं, वरचं टोक कोरडं ठेवलं. मीटरही उघडून साफ केला. जाताना काटा शहाण्या मुलासारखा चाळिसावर बसला होता.

दिवाळी झाली आणि फियाट परत आली.

शरदचंद्रांनी न सांगता कींऽऽ केलं. या वेळी कोणी हसलं नाही. लिंबाजींनी फडक्याला हात पुसले, बराच वेळ पुसत राहिले आणि लुंबिनीला फोन लावला. "ये बाई. किल्ली घेऊन जा."

मी म्हटलं, "अहो, आधी उघडून तर बघा!"

"बघतोच की. शेवटचा हाय, नीट करून देतो."

तार पुन्हा बाहेर आली. पुन्हा चिकटा, पण या वेळी काळा नाही, मधासारखा पिवळा. लिंबाजी तो चष्म्याजवळ नेऊन पाहत होते, तेवढ्यात त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या. डबा ठेवता ठेवता त्यांनी नाक फेंदारलं.

"ह्ये करडईचं तेल हाय. तारेला फोडणी कुणी देऊन राहिलं?"

लिंबाजींनी बायकोकडे पाहिलं. मी शरदचंद्रांकडे पाहिलं. शरदचंद्र भिंतीवरचा ट्रकचा मीटर मन लावून वाचू लागले.

लुंबिनी आली. लिंबाजींनी तेलाचं नावही काढलं नाही. "मीटर परत आला. बोललो तसं करतो," म्हणून त्यांनी खिशातून किल्ली काढली. ती त्यांच्या हातात खुळखुळत होती.

लुंबिनीनं हात पुढे केला, तसे शरदचंद्र एकदम बोलले, "थांब, बाळ. मी घातलं तेल."

"कुठं?" लुंबिनीनं विचारलं.

"मीटरच्या नळीत. दसऱ्याला. सासरे घालायचे, म्हणून मीही घालतो. पूजा झाली की चमचाभर. तीस वर्षं झाली."

"करडईचं?" मी विचारलं. "शरद, करडईचं तेल हवेत वाळून गोंद होतं, म्हणून रंगात वापरतात, हे मी तुझ्याच तोंडून ऐकलंय. तपासणी अधिकाऱ्यासमोर. त्यांनी शेरा लिहिला होता, उत्तम."

"दहावीला शिकवलेलं दसऱ्याला कोण आठवतं?" शरदचंद्र पुटपुटले. कानापर्यंत लाल झाले होते.

लिंबाजी हळूहळू हसू लागले. "मला कसं सुचावं, सर? आम्ही त्या दिवशी पांढरी कापडं घालून विहारात जातो. आमच्याकडं दसऱ्याला मशीनला सुट्टी असते. तुमच्याकडं तिला जेवण!"

लुंबिनी हसली नाही. पुढे केलेला हात तिनं मागे घेतला नव्हता. "सर, साक्षीदार तुम्ही. मीटर परत आला की नाही?"

मी शाळेत कधी एवढा विचार करून गुण दिले नव्हते. "परत आला नाही," मी म्हणालो. "जेवून आला."

तिनं किल्ली घेतली, दोन क्षण हातात धरली आणि टेबलावर ठेवली. मग बाह्या सारून बसली. "ते बारीक पेच मी लावते, बाबा. तुमच्या हातून सुटतात ते मला दिसतं. तुम्ही सांगा."

लिंबाजींनी पेचकस तिच्याकडे सरकवला. "उजवीकडं न्हाई. आधी डावीकडं. इंजिनिअर झाली म्हणं."

संध्याकाळच्या आत फियाट लोह्याच्या रस्त्यावर होती. शरदचंद्र चालवत होते, लिंबाजी त्यांच्या शेजारी, डोळे मिटून.

"काटा कितीवर?"

"चाळीस," शरदचंद्र म्हणाले.

पुढे किलोमीटरचे तीन दगड गेले. लुंबिनी मागे बसून प्रत्येक दगडाला मोबाइलवर वेळ मोजत होती. "चाळीसच," ती म्हणाली, आणि लिंबाजींनी डोळे उघडले.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी दुकानात बसलो होतो. लुंबिनी आता शनिवारी तिथे पेच लावायला येते, आणि तो शनिवारच होता. लातूरहून फोन आला. लिंबाजींनी स्पीकर लावला.

"लिंबाजी, गाडीला झेंडूचा हार घातला तर चालेल ना?" शरदचंद्रांनी विचारलं.

"घाला की."

"हळदकुंकू?"

"बाहेरून."

पलीकडे फोन दुसऱ्या हातात गेला. मग सौदामिनीबाईंचा आवाज आला, "लिंबाजी, तुम्ही काळजी करू नका. तेलाची बाटली मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे."