डोळ्यांच्या वॉर्डातली खुर्ची

भालकीच्या स्टेशनात गाडी लागली, तशी अव्वानं, माझ्या आईनं, पदराचं टोक थुंकीनं ओलं करून माझ्या डोळ्यातली कोळशाची कणी पुसली. म्हणाली, "डोळं उघडं ठेव, तोंड मिटून ठेव. जा." अप्पा ट्रंक चढवत होते. डाक्टरी शिकायला हैदराबादेला निघालेली आमच्या गल्लीतली मी पहिली पोर. रडू येत होतं, पण त्याहून भीतीच जास्त.

बायांनो, मागं राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून आलेल्याही, ती भीती अजून गेली न्हाई बघा. गावाकडं चुलीचा धूर होता, इथं औषधांचा वास, उर्दूतली तालीम आणि दिवसभर "जी, साहेब". पडदानशीन बाया पुरुष डाक्टरला डोळा दाखवायच्या न्हाईत, म्हणून शिकून झाल्यावर डोळ्यांच्या दवाखान्यात मला ठेवून घेतलं. तिथंच ध्यानात आलं, एका घरातल्या सगळ्या लेकरांना पापण्यांआड खुपऱ्या कशा होतात ते. आई एकाच पदरानं सगळ्यांचे डोळे पुसते! अव्वाचा पदर आठवून अंगावर काटा आला.

घरोघर फिरून, बायांना विचारून मी ते सगळं कागदावर मांडलं. डाक्टरांच्या सभेत ते वाचलं आमच्या वॉर्डाच्या मोठ्या साहेबांनी, स्वतःच्या नावानं. मी चिकाच्या, बांबूच्या कामट्यांच्या पडद्याआड बसून ऐकलं. पुढं साहेब निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची कुणाला मिळाली? ज्याला मी हात धरून मोतीबिंदू काढायला शिकवलं, त्याला. मी तोंडाला कुलूप लावलं. बोलले आणि नोकरी गेली तर गावात कुठल्या तोंडानं जायचं, हाच घोर.

आता अव्वालाच मोतीबिंदू झाला. अप्पांनी तिला इथं आणलं. टेबलावर निजवली, तर विचारते कशी, "मोठा डाक्टर कुठाय?"

"मीच काढणार, अव्वा."

"तू नगं गं. मोठ्याला बोलाव."

आईचाच भरवसा न्हाई, तर दुसऱ्या कुणाला काय सांगू? चिडून बोलून गेले, "त्याला मीच शिकवलंय!"

अव्वा म्हणाली, "मग त्याच्या खुर्चीत तू कामून न्हाईस?"

"तूच म्हणाली होतीस ना, तोंड मिटून ठेव?"

"अगं येडे, ते गाडीपुरतं सांगितलं व्हतं! एकली पोर जायलीस म्हणून!"

हसावं का रडावं कळंना. तिनं डोकं टेकलं, म्हणाली, "काढ तूच." काढताना हात हलला न्हाई.

आता तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. खाज आली की तिचा हात पदराकडं जातो, मी धरून ठेवते. नजर येईल का, हीच काळजी. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी भालकी सांगते. खरं तर या शहरात इतकी वर्षं काढली, पण "कामून न्हाईस" असं मला कुणी विचारलं न्हाई. विचारलं ते आईनं, म्हणून ती असेल तिथं माझं घर.

वरच्या साहेबांकडं जाऊन खुर्चीचं बोलायचं ठरवलंय. अव्वाला तसं सांगितलं, तर पट्टीखालनं म्हणते, "जा की. गाडी कवाच पोचली."