आयरिश गढीपुढचा नारळ

“ते झाड मी कापणार नाही,” कॉन्ट्रॅक्टर ब्रेंडन म्हणाला आणि त्यानं करवत परत व्हॅनमध्ये ठेवली.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. जुनी इमारत टिकेल की पडेल, हे सांगणं माझं काम. लंडनजवळच्या क्रॉयडनच्या ऑफिसनं मला उत्तर आयर्लंडमधल्या एका पडक्या टॉवर हाउसवर पाठवलं होतं. टॉवर हाउस म्हणजे आपल्याकडची गढीच, फक्त उंच आणि अरुंद. खाली गुरं, वर सरदार. सरदार कधीच गेले, गुरं अजून आहेत. भिंत मालकाच्या गोठ्याकडे झुकली होती आणि तिच्या फटीतून एक काटेरी झाड वाढलं होतं. भिंत सुरक्षित झाली नाही तर कौन्सिल अख्खी गढी उतरवणार होतं.

मालक पॅट्रिक ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या मते वरचा मजला इंग्रजांच्या तोफांनी पाडला. पण तिथले कोरीव दगड मला त्यांच्या गोठ्याच्या भिंतीत दिसले. मी बोट दाखवलं.

“तोफा तेव्हा फार अचूक असायच्या,” ते शांतपणे म्हणाले.

अशा झाडात परी राहते आणि तिला डिवचलं तर घरादाराचं वाटोळं होतं, असं तिकडे मानतात. ब्रेंडन म्हणाला, “माझा विश्वास नाही. पण कापणार नाही.”

मी बॉसला फोन लावला. मीनल, माझ्यासारखीच पुण्याची.

“अरे, परी काय? सिंपल आहे. तूच काप आणि ये.”

“मी कशाला? माझी मुलं लहान आहेत!”

मग घरचा उपाय आठवला. आपण झाड तोडण्याआधी त्याची क्षमा मागतो. बेलफास्टच्या इंडियन दुकानातून नारळ आणला. हळदकुंकू वाहिलं. “इथे कुणी राहत असेल तर कृपा करून दुसरीकडे जावं,” असं मराठीतच म्हटलं. ब्रेंडननं हेल्मेट काढून छातीशी धरलं. साइटवर हे चालत नाही, पण मी नारळ उचलला.

नारळ जोत्यावर आपटला. नारळ शाबूत राहिला, दगड निखळला.

भोकातून टॉर्च मारला आणि वाकून पाहिलं. आतला चुना कधीच वाहून गेला होता. दगड धरून ठेवले होते ते झाडाच्या मुळांनी. झाड मुळांसकट काढलं असतं तर गढी गोठ्यावर आली असती आणि ब्रेंडन तिच्याखाली.

झाड ठेवलं. भिंतीला टेकू दिले, थोडा थोडा चुना भरला.

“कळलं कसं तुला?” मीनलनं विचारलं.

“इम्पॅक्ट टेस्ट केली.”

जुन्या भिंतीतलं काही काढण्याआधी ते तिथे काय काम करतंय, ते पाहावं, एवढं मी शिकलो. गढी उभी आहे. पॅट्रिक पाहुण्यांना सांगतात, हिच्यावर दोन हल्ले झाले: एक तोफांचा, एक नारळाचा. निखळलेला दगड मी परत बसवायला गेलो, तर तो जागेवर नव्हता. गोठ्याच्या भिंतीत होता.