बधिर अंगठा

धारवाल्याचं मधलं बोट वर्षभर अडकत होतं. मुठीत गेलं की बाहेर यायचं नावच घेत नसे. डाव्या हाताने ओढलं की कटकन सुटायचं आणि कळ थेट कोपरापर्यंत जायची. दुसऱ्या कुठल्या धंद्यात चालून गेलं असतं. पण फिरत्या चाकावर पातं धरणाऱ्याला पकड वेळेवर सोडता आली नाही, तर दुकानाला कुलूपच लावावं लागतं.

इलाज होता तो तळहातातल्या इंजेक्शनचा. पहिल्या वेळी सुई बोटाच्या मुळाशी शिरताच त्याने हात मागे ओढला. औषध बाहेर सांडलं, बोट होतं तिथेच.

"आयुष्यभर सुऱ्यांशी खेळलात आणि सुईला पाठ दाखवलीत!" बायको म्हणाली.

"तू घे टोचून, मग बोल."

या वेळी डॉक्टरीणबाईंनी आधी मनगटात भूल दिली. अंगठा आणि शेजारची बोटं हळूहळू जड झाली, मग परक्याची वाटू लागली. तळहातात सुई गेली तेव्हा तो पंख्याकडे बघत होता.

"झालं, काका. पण रात्रीपर्यंत या हाताला भाजलेलं-कापलेलं काही कळणार नाही. आज दुकान बंद."

"ऐकलंत ना?" बायकोने विचारलं.

"कान शाबूत आहेत गं."

तरी तो दुकानात गेलाच. शेजारच्या टेलरची कात्री तयार होती, तेवढी द्यायची होती. टेलरने चिंधी कापून पाहिली.

"टोकाशी कापड चावतेय रे. मला उद्या माल द्यायचाय."

"आण, एकदा फिरवून देतो."

त्याने स्क्रू काढून पाती वेगळी केली, एक चाकाला लावलं आणि सवयीने धारेवर अंगठा आडवा फिरवला. धार बसली की कातडीला बारीकशी ओढ लागते. ती लागली नाही. पातं बोथट राहिलं असं समजून त्याने पुन्हा चाक फिरवलं, पुन्हा अंगठा फिरवला. काहीच नाही. तिसऱ्यांदा त्याने जोर दिला.

"अरे, रक्त!" टेलर ओरडला. तोवर पातं आत रुतलं होतं.

टाके सुकले. मधलं बोट आता सहज उघडतं, मिटतं. अंगठ्याच्या पेराची नस मात्र तुटली. जोडली आहे, पण स्पर्श परत येईलच असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. डावा अंगठा त्याने धारेवर लावून पाहिला. त्या अंगठ्याला या कामातलं काही कळत नाही. टेलर हल्ली कात्री दुसरीकडे देतो आणि दुकानावरून जाताना फोन कानाला लावतो.

आता बायको दुकानात बसते. तो पातं पुढे करतो, ती जपून बोट लावते.

"लागतंय?"

"लागतंय बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

ती बोट मागे घेऊन उलटून बघते. तो पातं पुन्हा चाकावर धरतो.